निवडीत न बसलेल्या मुलाचं पुढे काय होतं?

१९८८ च्या सोल ऑलिंपिकचा पदकतक्ता काढून पाहा. सोव्हिएत संघ पहिला, ५५ सुवर्णपदकं. अमेरिका तिसरी, ३६. आणि या दोन महासत्तांच्या मध्ये ३७ सुवर्णं घेऊन उभा आहे पूर्व जर्मनी, ज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी ६५ लाख होती. पदकं मोजूनच देशाचं क्रीडाक्षेत्रातलं मोठेपण ठरवायचं असेल, तर या देशापुढे हात जोडायला हवेत. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९० मध्ये, तो देश नकाशावरून नाहीसा झाला. त्यानंतर त्याच्या कचेऱ्यांमधून जी कागदपत्रं बाहेर आली, त्यांतून ही पदकं कशी घडवली जात होती ते जगाला कळलं.

शाळाशाळांतून मुलांची उंची, वजन, हातापायांची लांबी मोजली जायची. कोणत्या खेळाला कोणतं शरीर लागतं याचे तक्ते तयार होते; मूल त्या तक्त्यात बसलं की त्याची रवानगी क्रीडाशाळेच्या वसतिगृहात. १९७४ पासून राज्याच्या अधिकृत योजनेखाली हजारो खेळाडूंना उत्तेजकं दिली गेली. त्यांतल्या कित्येक अल्पवयीन मुली होत्या आणि त्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या आहेत असं त्यांना सांगितलेलं होतं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरणातल्या १३ पैकी ११ शर्यती या देशाने जिंकल्या. १९८६ साली गोळाफेकीत युरोपची विजेती ठरलेली हायडी क्रीगर हिच्या शरीरावर या औषधांचा एवढा परिणाम झाला, की पुढे तिने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली आणि आंद्रेआस म्हणून आयुष्य सुरू केलं. क्रीडासंघटनेचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड याला २००० साली न्यायालयाने दोषी ठरवलं.

पूर्व जर्मनीची गोष्ट इथपर्यंत अनेकांना ठाऊक असते, आणि ती सांगून झाली की आपण उत्तेजकांना दोष देऊन मोकळे होतो. मला त्या गोष्टीतला दुसरा एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६९ साली तिथल्या सत्ताधाऱ्यांनी खेळांची दोन गटांत विभागणी केली. पोहणं, ॲथलेटिक्स, नौकानयन अशा भरपूर पदकं देणाऱ्या खेळांकडे पैसा, प्रशिक्षक आणि डॉक्टर वळवले. बास्केटबॉल, हॉकी, वॉटरपोलो यांची वरच्या पातळीवरची मदत काढून घेतली. हिशेब सरळ होता: बास्केटबॉलचा अख्खा संघ वर्षानुवर्षं सांभाळायचा आणि हाती लागलं तर एकच पदक. या निर्णयात कुठलीही गोळी नव्हती, कुठलंही इंजेक्शन नव्हतं. ज्या मुलाला बास्केटबॉल आवडतो त्याने काय करायचं, हा प्रश्नच त्या राज्याच्या लेखी अस्तित्वात नव्हता. उत्तेजकांचा एक थेंबही वापरला नसता, तरी मी पूर्व जर्मनीला खेळात मोठा देश म्हटलं नसतं.

देश खेळात मोठा आहे की नाही, हे त्याच्या विजेत्यांकडे पाहून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी निवड चाचणीच्या यादीत ज्याचं नाव आलं नाही, त्या मुलाचं पुढे काय झालं ते पाहावं लागतं. त्याला खेळायला मैदान उरलं का? संघ उरला का? शिकवणारं कुणी उरलं का? आणि सतराव्या वर्षी अंगात ताकद आल्यावर परत येऊन दार ठोठावलं, तर ते कुणी उघडलं का? हे दार जो देश सर्वांत उशिरा बंद करतो, तो खेळात मोठा.

पदकांच्या हिशेबातला अन्याय दूर करण्यासाठी काही जण लोकसंख्येने भागाकार करतात. त्यानेही फार काही हाती लागत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये सुमारे ३४ हजार वस्तीच्या सान मारिनोने तीन पदकं मिळवली आणि ते भागाकाराच्या यादीत सर्वांच्या वर गेलं. २०२४ मध्ये पॅरिसला ज्युलियन आल्फ्रेडने १०० मीटरची शर्यत जिंकून सेंट लुशियाला ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं पदक मिळवून दिलं. तिचं यश डोळ्यांत पाणी आणणारं आहे, पण एका धावपटूच्या साडेदहा-अकरा सेकंदांवरून एका देशाच्या क्रीडाजीवनाबद्दल काय ठरवायचं? दुसऱ्या टोकाला कतारने पैसा आणि नागरिकत्व देऊन खेळाडू आणले. केनियात वाढलेला स्टीफन चेरोनो सैफ सईद शाहीन झाला आणि २००३ साली कतारसाठी स्टीपलचेसमध्ये जगज्जेता ठरला. २०१५ मध्ये बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या जोरावर कतारचा हँडबॉल संघ जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. खेळाडूंना मी दोष देत नाही. पोटापाण्यासाठी माणूस देश बदलतो. पण ते पदक त्या देशातल्या मुलांच्या खेळण्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता निवडीकडेच येऊ, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. १९८० च्या दशकात कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली एका ज्युनियर आइस हॉकी सामन्याला गेले होते. छापील पत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा होत्या. त्यांच्या पत्नीच्या लक्षात आलं की बहुतेक मुलं जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधली आहेत. बार्न्सली यांनी मग इतर संघांच्या याद्या तपासल्या आणि सगळीकडे तेच दिसलं: वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं भरमसाट, शेवटच्या तिमाहीतली अगदी मोजकी. कारण साधं होतं. तिथे वयोगट १ जानेवारीच्या तारखेने ठरतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. उंच, भारी, चपळ असतो. निवडणाऱ्याला वाटतं हा गुणवान. मग त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सामने मिळतात, जास्त वेळ बर्फावर घालवायला मिळतो, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच गुणवान झालेला असतो. डिसेंबरातला मुलगा तोवर घरी बसलेला असतो.

हा परिणाम नंतर फुटबॉलमध्ये आणि इतर कितीतरी खेळांत, अनेक देशांत आढळला. म्हणजे लहानपणी जो देश चाळणी लावतो, तो बहुतांशी वाढदिवसाची आणि लवकर वयात येण्याची निवड करत असतो, आणि त्याला तो गुणवत्ता शोधणं म्हणतो. क्रूरपणाचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. यात देशाचं स्वतःचंच नुकसान आहे. ज्यांना अठराव्या वर्षी बहरायचं होतं, अशी मुलं दहाव्या वर्षी कापली गेली, आणि ती कोण होती हे कधीच कुणाला कळणार नाही.

नॉर्वेने याच्या अगदी उलट केलं. तिथल्या क्रीडामहासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळाबद्दल नियम केले आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांचं स्वरूप दिलं. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांच्या याद्या, गुणतक्ते, क्रमवारी लावायची नाही. तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. बक्षिसं द्यायची झाली तर सगळ्यांना. कुठला खेळ खेळायचा, किती खेळायचा, यात मुलाचं म्हणणं ऐकायचं. आणि हे केवळ सदिच्छांचं पत्रक नाही. नियम मोडणाऱ्या क्लबवर कारवाईची तरतूद आहे. हे नियम वाचून कडक शिस्तीवर विश्वास असलेला कुठलाही प्रशिक्षक म्हणेल की या देशाने पदकांवर पाणी सोडलं.

या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने १६ सुवर्णांसह ३७ पदकं मिळवली. तोवरच्या इतिहासात एका हिवाळी स्पर्धेत कुठल्याही देशाने एवढी सुवर्णं जिंकली नव्हती. लगेच म्हटलं जाईल की बर्फ आहे तिथे, मुलं पायाला स्की बांधूनच जन्माला येतात. मग टोकियोचं काय करायचं? ४०० मीटर अडथळा शर्यतीत जागतिक विक्रम मोडून जिंकलेला कार्स्टेन वारहोल्म, १५०० मीटरचा विजेता याकोब इंगेब्रिग्टसेन, ट्रायथलॉनचा विजेता क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट हे सगळे नॉर्वेचेच. बीच व्हॉलीबॉल तर वाळूतला खेळ. त्यातलं पुरुषांचं सुवर्णही तिथेच गेलं. फुटबॉलमधले एर्लिंग हालांड आणि आडा हेगरबर्ग त्याच मातीतले. बर्फाने एवढं सगळं समजावता येत नाही.

नॉर्वेत कुणाला जिंकायचंच नसतं, असा याचा अर्थ काढू नये. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेला एकही सुवर्ण मिळालं नव्हतं आणि ते त्या देशाला फार लागलं. त्यानंतरच तिथे अव्वल खेळाडूंसाठी ऑलिंपियाटोपेन ही संस्था उभी राहिली, जिथे वेगवेगळ्या खेळांचे प्रशिक्षक आणि शास्त्रज्ञ एका छताखाली काम करतात, एकमेकांकडून शिकतात. मुलांना मोकळं सोडायचं आणि वयात आलेल्या, स्वतःहून पुढे जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंना जगातलं सर्वोत्तम द्यायचं, या दोन गोष्टी त्यांनी साधारण एकाच काळात सुरू केल्या. एकीमुळे दुसरीला भरपूर माणसं मिळाली. तेराव्या वर्षापर्यंत कुणीच गळलं नाही, तर निवडायला किती मोठा समुदाय उरतो याचा विचार करा.

पण नॉर्वे श्रीमंत आहे. तेलाचा पैसा आहे, सभागृहं आहेत, मुलांना सरावाला नेणारे आणि क्लबात विनामोबदला राबणारे आईबाप आहेत, त्यांच्या हाताशी वेळ आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अलीकडे तिथेही मुलांच्या खेळाचा खर्च वाढत चालल्याची तक्रार ऐकू येते. म्हणून मला जमैकाकडे जावंसं वाटतं.

जमैकाची वस्ती ३० लाखांच्या आत आणि उत्पन्न नॉर्वेच्या जवळपासही नाही. तरी २००८ मध्ये बीजिंगला स्त्रियांच्या १०० मीटरमध्ये तिन्ही पदकं या एका बेटाने नेली आणि पुरुषांमध्ये उसेन बोल्टने जगाला थक्क केलं. यावर रक्त, जनुकं, जेवणातले कंद अशी वाट्टेल ती कारणं दिली गेली. खरं कारण दरवर्षी मार्चच्या सुमारास किंग्स्टनच्या स्टेडियममध्ये भरतं. आंतरशालेय ॲथलेटिक्स स्पर्धा, जिला तिथे सगळे नुसतं ‘चॅम्प्स’ म्हणतात, १९१० पासून चालू आहे. सुरुवातीला सहा शाळा होत्या. आता ती देशाची सर्वांत मोठी क्रीडाघटना आहे. स्टेडियम तुडुंब भरतं, शाळेचे माजी विद्यार्थी शाळेच्या रंगाचे कपडे घालून येतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या शर्यतीला जो आवाज उठतो तो अनेक देशांत राष्ट्रीय विजेत्याच्याही नशिबी नसतो.

दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९८० साली क्युबाच्या मदतीने जमैकात जी. सी. फॉस्टर महाविद्यालय सुरू झालं. ते खेळाडू घडवत नाही, खेळाचे शिक्षक आणि प्रशिक्षक घडवतं. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं बेटावरच्या शाळांमध्ये गेली. म्हणजे खेड्यातल्या शाळेतही धावण्याचं शास्त्र समजणारा कुणीतरी शिक्षक असण्याची शक्यता निर्माण झाली. ट्रॅक गवताचा असेल, चुन्याच्या रेषांचा असेल, पण शेजारी उभा असलेला माणूस जाणकार आहे. गरीब देशाला परवडेल असं यापेक्षा चांगलं काही मला सुचत नाही. एका स्टेडियमच्या खर्चात किती क्रीडाशिक्षक वर्षानुवर्षं पोसता येतील, हा हिशेब प्रत्येक देशाने एकदा तरी मांडावा. माँट्रियलच्या १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज २००६ पर्यंत फेडलं जात होतं.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जमैकातली शालेय स्पर्धा अतिशय तीव्र आहे. नॉर्वे जे तेराव्या वर्षापर्यंत टाळतो, ते जमैका त्याच वयात हजारो प्रेक्षकांसमोर करतो. त्या दडपणाखाली काही मुलं मोडतात, दुखापती घेऊन कायमची थांबतात, आणि याबद्दल तिथेही वाद होतात. मग दोन्ही देश मोठे कसे? मला वाटतं, साम्य स्पर्धेच्या तीव्रतेत शोधायचं नसतं. जमैकात धावायला कुणाची परवानगी लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही, जवळजवळ प्रत्येक मूल शाळेच्या शर्यतीत उतरतं, आणि यंदा मागे राहिलेल्याला पुढच्या वर्षी वरच्या वयोगटात पुन्हा तीच सुरुवातीची रेषा मिळते. चॅम्प्समध्ये न चमकलेल्यांतल्याही काहींना अमेरिकेतल्या महाविद्यालयांची शिष्यवृत्ती मिळते. तिथे शिकता शिकता आणखी चार वर्षं वाढायला मिळतात. दार उघडं ठेवण्याच्या रीती दोन असू शकतात. नॉर्वेची रीत मला मुलांसाठी अधिक दयाळू वाटते, हेही सांगून टाकतो.

दार कुणासाठी उघडं, हा प्रश्न विचारला की खेळातल्या काही मोठ्या नावांना धक्का बसतो. फुटबॉलचा देश कोणता, असं विचारलं तर जग ब्राझीलकडे बोट दाखवेल. १९५८, १९६२ आणि १९७० चे विश्वचषक, पेले, गारिंचा, ते डोळ्यांचं पारणं फेडणारं फुटबॉल. पण १९४१ साली ब्राझीलच्या सरकारने हुकूम काढून स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीशी विसंगत ठरवलेले खेळ खेळायला मनाई केली. त्यात फुटबॉल आला, आणि ही बंदी १९७९ पर्यंत टिकली. ज्या काळात ब्राझीलने तीन विश्वचषक जिंकले, त्या सगळ्या काळात त्या देशातल्या निम्म्या माणसांना चेंडूला पाय लावायला कायद्याने बंदी होती. मग तो फुटबॉलचा देश होता की फुटबॉल खेळणाऱ्या पुरुषांचा? मार्तासारखी खेळाडू सहा वेळा जगातली सर्वोत्तम ठरते तेव्हा माझ्या मनात तिच्या आधीच्या बायका येतात. बंदीच्या अडतीस वर्षांत अशा किती मार्ता जन्मल्या आणि म्हाताऱ्या झाल्या?

फुटबॉलला जन्म देणाऱ्या इंग्लंडचं वागणं वेगळं नव्हतं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदानं द्यायला मनाई केली. कारण काय, तर हा खेळ स्त्रियांना साजेसा नाही. बंदी उठायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये इंग्लंडच्या स्त्रियांनी युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. पुरुषांच्या संघाला १९६६ नंतर एकही मोठा चषक मिळालेला नाही, ही गोष्ट तिथल्या फुटबॉल चालवणाऱ्यांनी शांतपणे विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेत दार उघडलं ते एका शिक्षणविषयक कायद्याने. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ तरतुदीत खेळ हा शब्दसुद्धा नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी लिंगावरून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. त्याआधी माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली ३ लाखांहूनही कमी होत्या. आज त्या ३० लाखांहून अधिक आहेत. पॅरिसमध्ये अमेरिकेला मिळालेल्या ४० सुवर्णांपैकी निम्म्याहून बरीच जास्त स्त्रियांनी आणली. हा कायदा करताना पदकं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद. तो असा, की आधी विजेते घडवा. त्यांना पाहून मुलं मैदानाकडे धावतील. ऐकायला हे पटतं. ब्रिटनने ते मनापासून करून पाहिलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं, नौकानयनातलं. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळात ओतला गेला आणि तडजोड न करण्याचं धोरण आलं: पदकाची शक्यता असेल त्या खेळाला पैसा, नसेल त्याला शून्य. २०१२ मध्ये लंडनला २९ सुवर्णं आली आणि रिओत ब्रिटन पदकतक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पदकांच्या दृष्टीने धोरण कमालीचं यशस्वी ठरलं.

पण ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने २०२३ साली नोंदवलं की लंडनच्या स्पर्धेनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत आठवड्यातून एकदा तरी खेळणाऱ्या प्रौढांचं प्रमाण उलट घटलं. ती स्पर्धा एका पिढीला प्रेरणा देणार, असं सांगून आणली गेली होती. प्रेरणा मिळालीही असेल. टीव्हीवर सुवर्ण पाहून एखादी मुलगी बाहेर पडलीही असेल. पण जवळचा तरण तलाव बंद झाला असेल, क्लबात जागा नसेल, शिकवायला कुणी नसेल, तर ती दोन आठवड्यांत घरी परतते. दरम्यान बास्केटबॉल हा ब्रिटिश शहरांमधल्या मुलांचा आवडता, कमी खर्चाचा खेळ पदकाची शक्यता नाही म्हणून निधीतून वगळला गेला. बॅडमिंटनने रिओत कांस्यपदक मिळवलं, तरी त्याचा निधी काढून घेण्यात आला. १९६९ च्या पूर्व जर्मनीतला हिशेब इथे पुन्हा दिसतो. दोन्ही राज्यव्यवस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्यांना एका पारड्यात मी घालत नाही; तरी पदक हेच एकमेव माप ठरलं की लोकशाही देशही त्याच निष्कर्षाला पोचतो, हे पाहून मला अस्वस्थ वाटतं.

आणि पदक हेच माप ठरलं की मुलांच्या किंकाळ्या ऐकू येईनाशा होतात. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्समधल्या वागणुकीची चौकशी करणारा व्हाइट अहवाल २०२२ मध्ये आला. उपाशी ठेवणं, दुखापतीवर सराव करायला लावणं, अपमान करणं या गोष्टी किती सर्रास होत्या ते त्यात नोंदलं आहे. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं. तक्रारी होत्या, पण संघ जिंकत होता. २०१८ मध्ये त्या मुली न्यायालयात एकामागून एक उभ्या राहून बोलल्या, तेव्हा कुठे देशाला ते ऐकू आलं. ज्या पदकामागे हे आहे, ते पदक मोठेपणाच्या खात्यात कसं जमा करायचं?

हरलेल्याशी देश कसा वागतो, हाही याच प्रश्नाचा भाग. १९५० च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असं हरवलं. दुसरा गोल गोलरक्षक मोआसिर बारबोझाच्या जवळच्या खांबाकडून आत गेला. बारबोझा उत्कृष्ट खेळाडू होता, कृष्णवर्णीय होता, आणि त्या एका गोलाचा दोष २००० साली मरेपर्यंत त्याच्या माथी राहिला. खेळावर एवढं प्रेम करणाऱ्या देशाने एका माणसाला पन्नास वर्षं माफ केलं नाही. प्रेमाची तीव्रता म्हणून याचं कौतुक करणारे मी पाहिले आहेत. मला त्यात कौतुक करण्याजोगं काही दिसत नाही. हरलेल्याला जिथे जागा नाही, तिथे लहान मूल मैदानात उतरण्याआधीच घाबरायला शिकतं.

खेळ कशावर खेळला जातो, हेही दार बंद करू शकतं. १९२८ ते १९६८ पर्यंत हॉकीचं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण भारताकडे किंवा पाकिस्तानकडे गेलं. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. या दोन देशांच्या घसरणीला कारभारासह इतरही कारणं आहेत, पण एक गोष्ट निर्विवाद घडली: गवतावर आणि मातीवर खेळणारी लाखो मुलं आणि सर्वोच्च पातळीचा खेळ यांच्यात एक महागडी भिंत उभी राहिली. राष्ट्रीय संघासाठी दोन-चार कृत्रिम मैदानं घालून ती पडणारी नव्हती. नेदरलँड्सने अशी मैदानं गावोगावच्या क्लबांमध्ये घातली, जिथे आठ वर्षांची मुलंही खेळतात.

मग मोजायचं काय? ज्याने सोळाव्या वर्षी खेळ सोडला, त्याने तो का सोडला, हे मोजायचं. सोळा वर्षांच्या मुलींपैकी किती जणी अजून आठवड्यातून तीनदा घाम गाळतात, हे मोजायचं. किती शाळांमध्ये शिकलेला क्रीडाशिक्षक आहे, किती मैदानं पैसे न देता वापरता येतात, अपंग मुलासाठी गावात एक तरी संघ आहे का, अकादमीतून काढून टाकलेल्या मुलाचं शिक्षण पुरं झालं का. यातलं काहीच मोजता येत नाही, असं क्रीडाधिकारी सांगतात. आइसलँड १९९० च्या दशकापासून ते मोजत आला आहे.

तिथे प्रश्न पदकांचा नव्हताच. किशोरवयीन मुलांचं दारू पिणं फार वाढलं होतं. देशभरातल्या शाळांमध्ये मुलांकडून नियमितपणे प्रश्नावल्या भरून घेतल्या जाऊ लागल्या: आईवडिलांबरोबर किती वेळ असतोस, आठवड्यातून किती वेळा खेळतोस, गेल्या महिन्यात प्यायलास का. उत्तरं थोड्याच काळात त्या त्या शाळेच्या आणि नगरपालिकेच्या हाती जात. संघटित खेळात असलेली मुलं व्यसनांपासून दूर राहतात असं दिसल्यावर पैसा तिकडे वळला. रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे कुटुंबाला खेळ-छंदांसाठी वार्षिक अनुदान मिळू लागलं, म्हणजे गरिबाचं मूलही क्लबाची फी भरू शकेल. गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायलो, असं सांगणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं. २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी साडेतीन लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशाच्या फुटबॉल संघाने युरोपियन स्पर्धेत इंग्लंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१८ च्या विश्वचषकाला पात्र ठरलेला तो तोवरचा सर्वांत छोटा देश होता. फुटबॉलच्या यशामागे आणखी एक निर्णय होता. २००० नंतर तिथे हिवाळ्यातही खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली गेली, आणि सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवायलासुद्धा युरोपीय फुटबॉल महासंघाचा परवाना असलेला, पगारी प्रशिक्षक नेमायचं क्लबांनी ठरवलं. गावातल्या सगळ्या मुलांना, गुणवान आणि बेताच्या, तोच प्रशिक्षक शिकवतो.